काकांनी झोपून पास केलेलं कार्ड

कम्प्युटर कितीही काळजीने जोडा, शेवटी एक-दोन स्क्रू उरतातच. कुठले उरतात, का उरतात, ते आजवर कोणाला कळलेलं नाही. मशीन सुरू होतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि आपल्या हातात दोन स्क्रू! आमच्या दुकानात ते टाकायला श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. चौदा वर्षांत तो तीनदा भरला. प्रत्येक मशीनमागे एखादा किस्साही उरतो, पण त्याला डबा नाही. म्हणून मग तो भेटेल त्याला ऐकवावा लागतो. आज तुम्ही सापडलात!

दुकान भांडुपला, स्टेशनपासून चढावर पाच मिनिटांवर. मालक परब काका, सत्तरी ओलांडलेले. पन्नास वर्षं मुंबईत काढली, पण मालवणी तसूभर हललेली नाही. मी वैशाली. मशीन जोडणं, खोलणं, पुसणं आणि गिऱ्हाइकाला शहाणं करणं, ही माझी खाती. तिसरा निलेश, काकांचा मुलगा. अंधेरीला मोठ्या कंपनीत आहे, आणि आठवड्यातून एकदा दुकानात येऊन आमचं काय चुकतं ते सांगायचं काम विनामूल्य करतो.

आमचं चुकतं एकच. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, मागायला माणूस आला की काका त्याला मोठं कार्ड देत नाहीत. आधी स्टुलावर बसवतात आणि विचारतात, "सकाळपासून त्या कम्प्युटरवर काय काय करतास, ता सांगा." माणूस सांगतो, मेल बघतो, बिलं टाइप करतो, पिक्चर बघतो. एवढं ऐकलं की काका ड्रॉवरमधून तळहाताएवढं कार्ड काढतात. त्याला वेगळी वायर लागत नाही, वेगळी वीज लागत नाही. मदरबोर्डच्या खाचेतून मिळते तेवढ्यावर ते गुमान काम करतं. आणि कधी कधी काका तेही देत नाहीत! "तुमका कार्डच नको," म्हणून माणसाला चहा पाजून घरी पाठवतात.

"बाबा, तुम्ही लोकांना कार्ड विकत नाही, कार्डापासून वाचवता!" निलेश म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्या बरोब्बर समोर बंटीशेठचं दुकान झालं. तिथे प्रत्येक कार्डाला तीन पंखे आणि सात रंगांचे दिवे. ते बघून निलेशने जाहीर केलं, की दिवाळीपर्यंत असंच चाललं तर हे दुकान बंद आणि त्याजागी गेमिंग झोन. काचेचा दरवाजा, जांभळे दिवे, मागे रेलणाऱ्या खुर्च्या. माझीही सोय त्याने बघून ठेवली होती. काळा टी-शर्ट घालून मी काउंटरवर उभं राहायचं आणि पोरांना हेडफोन द्यायचे. केवढा मोठेपणा! तेव्हा पुढचे किस्से ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की आम्ही दिलेलं प्रत्येक छोटं कार्ड आमचं दुकान दिवाळीच्या दिशेने थोडं थोडं ढकलत होतं.

*

माझ्यापासूनच सुरू करते. दुकानात मी एकटी असले की येणारा माणूस आधी माझ्या डोक्यावरून आत बघतो.

"कोणी आहे का?"

"मी आहे."

"नाही, म्हणजे कार्डाबद्दल विचारायचं होतं."

"विचारा ना."

"नाही, म्हणजे कोणी माणूस..."

एकदा असे एक गृहस्थ मुलुंडहून आलेले. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या मशीनचा वीज पुरवणारा डबा जुना आहे, त्यावर मोठं कार्ड चालणार नाही, छोटं घ्या. ते हसले. "बसतो," म्हणाले, "काका येऊ देत." अर्धा तास बसले. काका आले. काकांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "गो वैशाली, काय देवचा ह्यांका?"

"छोटं," मी म्हटलं.

"छोटा घ्या," काका म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. "बघा, अनुभव तो अनुभव!" म्हणाले आणि कार्ड घेऊन गेले. जाताना मला सांगून गेले, की काकांकडून शिकून घे, संधी चांगली आहे.

*

आता झोपेची गोष्ट. हिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दिंडोशीच्या कांबळे मॅडम कोर्टाच्या कागदांचं टायपिंग घरी करतात. त्यांचं बाळ आठ महिन्यांचं. बाळ दुपारी झोपलं की यांनी कामाला बसायचं, आणि कम्प्युटर चालू केला की त्यातल्या पंख्याच्या आवाजाने बाळाने उठायचं. म्हणजे काम करायला बाळ झोपायला पाहिजे आणि बाळ झोपायला काम बंद पाहिजे! रडकुंडीला आल्या होत्या. त्यात एक मोठं काम हातचं जायची वेळ आलेली.

मी म्हटलं, बिनपंख्याचं कार्ड लावते, आवाज शून्य. त्या म्हणाल्या, "असं सगळेच सांगतात गं. घरी गेल्यावर वाजतं."

काका कोपऱ्यातल्या आपल्या लाकडी आरामखुर्चीत बसलेले. दुपारचे तीन वाजलेले, ही त्यांची झोपेची वेळ. ते म्हणाले, "माझी झोप बाळापरास पातळ असा. मशीन हय माझ्या कानाकडे ठेव आणि चालू कर. माका जाग इली तर घेव नकात."

तीनच्या सुमाराला ऊन थेट त्या खुर्चीवर येतं, म्हणून मी शटर अर्धं खाली घेतलं. मशीन चालू केलं. काकांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. मी आणि मॅडम श्वास रोखून बघतोय. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग खोलीभर घरघर सुरू झाली.

मॅडमचा चेहरा पडला. "बघ, वाजायला लागलं ना!"

मी मशीन बंद करून दाखवलं. घरघर चालूच.

"अगं बाई, हे काका होय!" मॅडम म्हणाल्या. "मग द्या हेच."

तेव्हापासून नियम झाला. कोणाला आवाजाची शंका असली की मशीन काकांच्या कानाशी, शटर अर्धं खाली, आणि निकाल वीस मिनिटांत. लोक लांबून यायला लागले. घाटकोपरच्या एका बाईंनी तर फोनवर सरळ विचारलं, "काकांनी झोपून पास केलेलं कार्ड आहे का? नसेल तर उद्या झोपणार आहेत का?"

निलेशने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "भर दुपारी शटर अर्धं खाली? आणि आत मालक घोरतोय? गिऱ्हाईक समोर जाणार नाही तर काय होणार!"

*

मुलुंडच्याच एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. ऑफिसच्या कम्प्युटरला कार्ड पाहिजे होतं, आणि ते आठ जीबीचंच पाहिजे होतं.

"काय काम असतं?" मी विचारलं.

"नोटिसा टाइप करतो. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, वगैरे."

"त्याला आठ जीबी?"

"शेजारच्या सोसायटीने सहाचं घेतलंय!"

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. सीसीटीव्हीत चेहरे धूसर दिसतात. गेटवरून कोणी तरी रोज वर्तमानपत्र पळवतं आणि कमिटी मीटिंगमध्ये यांना विचारतात, की कॅमेरे कशाला बसवलेत? सेक्रेटरींची खुर्ची त्या वर्तमानपत्राच्या चोरावर अडकलेली!

काकांनी नेहमीप्रमाणे स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅमेरो कधी पुसल्यात?"

"कॅमेरा पुसतात?"

"चोराचा तोंड कॅमेऱ्याकच दिसणा नाय, तर कार्ड खयसून दाखवतला?" असं म्हणून काकांनी स्क्रीन पुसायचं एक नवं फडकं ड्रॉवरमधून काढून त्यांना दिलं.

संध्याकाळी निलेशचा फोन. "आज काय विकलं?"

"फडकं," मी म्हटलं.

"केवढ्याला?"

"फुकट."

त्याने फोनच ठेवला. चार दिवसांनी सेक्रेटरी पेढे घेऊन आले. कॅमेरा पुसला, त्यावरचं कोळ्याचं जाळं निघालं आणि चोर लख्ख दिसला. कमिटीचे चेअरमनच होते! कार्ड मात्र त्यांनी नंतरही घेतलं नाही. गरजच उरली नव्हती.

*

कांजूरमार्गचे जाधव सर घरून ऑनलाइन गणिताचा क्लास घेतात. भूमिती शिकवायची म्हणून त्यांनी समोरून, म्हणजे बंटीशेठकडून, भलंमोठं कार्ड घेतलं. त्रिकोण काढायला तीन पंखे, हिशोब बरोबर आहे! ते कार्ड कॅबिनेटमध्ये मावेना. मग सरांनी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि कार्ड खाली लोंबू नये म्हणून सुतळीने वर बांधलं. आतून गरम हवा यायची, म्हणून घरातली मांजर तिथे टेकून झोपायला लागली.

क्लासमधली मुलं विचारायची, "सर, तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?"

सर सांगायचे, शेजारी बांधकाम चालू आहे. सहा महिने हे बांधकाम चाललं! शेवटी पालक क्लास सोडायची भाषा करायला लागले, तेव्हा सर आमच्याकडे आले. काय मागावं? महागातला माइक!

काका म्हणाले, "माइक नको. पंखे काढा."

छोटं कार्ड लावलं. त्रिकोण पूर्वीसारखेच तीन बाजूंचे दिसले. आवाज गायब. सर तर माझ्या पाया पडायचे बाकी होते. मला वाटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक समोरून आपल्याकडे आलं.

आठ दिवसांनी सर परत आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, ते जुनं कार्ड परत बसवता येईल का?"

"का? वाजतंय का हे?"

"हे नाही हो वाजत. तोच घोळ आहे. आता मागून आमची ही माझ्याबद्दल काय बोलते, ते तीस मुलांना स्पष्ट ऐकू जातंय."

*

हा किस्सा मी निलेशसमोर कधी सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

बापाला फरक दाखवायचा म्हणून निलेशने स्वतःच्या घरच्या मशीनला समोरच्या दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड बसवलं. स्वतःच जोडलं. इंजिनीअर आहे! आठ महिने आम्हाला तेच ऐकवत होता. "बाबा, एकदा घरी येऊन बघा. काय रंग, काय स्पीड! लोण्यासारखं चालतं. तुमची ती खेळणी फेकून द्या."

काका ऐकून घ्यायचे. मुलगा बोलतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरायचा आणि ते उगाच ड्रॉवर आवरायला घ्यायचे. मला फार राग यायचा.

एका शनिवारी त्याने ते मशीन धूळ काढायला माझ्याकडे आणून टाकलं. मी मागची बाजू फिरवली आणि बघतच राहिले. स्क्रीनची वायर लावायला मागे दोन जागा असतात. एक वर, मदरबोर्डची. एक खाली, कार्डाची. कार्डाच्या जागेवर कंपनीने धूळ जाऊ नये म्हणून बसवलेली प्लास्टिकची टोपी तशीच होती! वायर पहिल्या दिवसापासून वर खोचलेली. म्हणजे आठ महिने ते तीन पंख्यांचं कार्ड आत बसून नुसतं वारा घालत होतं आणि स्क्रीन चालत होती मदरबोर्डमध्ये फुकट मिळालेल्या सोयीवर. ज्या सोयीवर काका लोकांना चहा पाजून घरी पाठवतात, त्याच!

मी टोपी काढली, वायर खाली लावली आणि मशीन पाठवून दिलं. म्हटलं, आता याला खरा फरक कळेल.

दुसऱ्या दिवशी निलेशचा फोन. "वैशाली, काय केलंस तू? आधी मस्त चालायचं. आता जरा स्लो वाटतंय. रंग पण फिके झालेत. आधी होतं तसं करून दे बघू!"

मी गेले, टोपी परत लावली, वायर वर खोचली.

"हां!" निलेश खुर्चीत मागे रेलून म्हणाला. "आता बघ. याला म्हणतात कार्ड."

काकांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मुलाला चार शब्द ऐकवेल. काका पोट धरून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सांगू नको त्येका. सुखात असा तो."

*

गणपतीला काका गावाला गेले. परत आले तोवर निलेशचा दुकान बंद करायचा निर्णय झालेला. दुकान कागदोपत्री त्याच्याच नावावर आहे, काकांनीच केलंय. मोठ्या विश्वासाने!

त्या दिवसापासून काकांची दुपारची झोप उडाली. तीन वाजता खुर्चीत बसायचे, चष्मा काढायचे, डोळे मिटायचे आणि दहा मिनिटांनी उघडायचे. मशीन बंद, दिवा बंद, तरी जागे. "झोप लागणा नाय गो," एवढंच म्हणायचे. दोन-तीन माणसं कार्ड पास करून घ्यायला आली, त्यांना परत पाठवावं लागलं. मला टी-शर्टचं दुःख नव्हतं. पण त्या खुर्चीत जागा असलेला माणूस मला बघवायचा नाही.

मग दिवाळीच्या आधी एका दुपारी निलेश सुट्टी टाकून मिस्त्रीला घेऊन आला. काचेच्या दरवाजाची मापं घ्यायची होती. आरामखुर्ची मध्ये येत होती, म्हणून मिस्त्रीने ती उचलून बाहेर फुटपाथवर ठेवली. काका उठून स्टुलावर बसले. ज्या स्टुलावर गिऱ्हाइकाला बसवायचं, त्याच्यावर. मिस्त्री टेप लावून आकडे ओरडत होता आणि निलेश ते मोबाइलमध्ये टाकत होता.

तेवढ्यात समोरून रस्ता ओलांडून, दोन्ही हातांत एक जुनं कॅबिनेट धरून, आत आले कोण? बंटीशेठ!

निलेश लगबगीने पुढे झाला. "या शेठ! तुमच्याकडेच येणार होतो. दिव्यांचं विचारायचं होतं."

बंटीशेठनी त्याच्याकडे बघितलं नाही. कॅबिनेट काउंटरवर ठेवलं आणि काकांना म्हणाले, "काका, हे घरचं आहे. आईचं."

"काय झाला?" काकांनी विचारलं.

"आई आजारातून उठलीये. मशीन तिच्या उशाशीच असतं, घरात दुसरीकडे जागा नाही. सकाळी भजनं लावते, ताईशी व्हिडिओवर बोलते, बस. दुपारी मोठ्या मुश्किलीने तिचा डोळा लागतो आणि हे ओरडायला लागतं. बंद करू देत नाही, म्हणते ताईचा फोन आला तर? डॉक्टर म्हणतात, झोप पाहिजे. माझ्या दुकानातली तीन कार्डं लावून बघितली."

"मग?"

"तिन्हीला उठली."

मला राहवलं नाही. "शेठ, तुमच्याकडे छोटं नाही?"

"ठेवत नाही गं," ते म्हणाले. "दुकानात दिसायला बरं नाही दिसत."

मी ड्रॉवर उघडला. तळहाताएवढं बिनपंख्याचं कार्ड काढलं, खाचेत बसवलं, वायर खाली कार्डालाच लावली आणि मशीन चालू केलं. हिरवा दिवा लागला. बंटीशेठनी वाकून कॅबिनेटला कान लावला. मिस्त्रीसुद्धा आकडे ओरडायचा थांबला.

"चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हटलं.

बंटीशेठ सरळ झाले. पैशाचं पाकीट काढलं आणि तसंच हातात धरून उभे राहिले.

"असं नाही, काका," ते म्हणाले. "आवाज येत नाही, असं तर मी पण सांगतो गिऱ्हाइकाला. तुम्ही झोपून दाखवा."

काका खाली बघत राहिले. "माका झोप येणा नाय रे हल्ली."

"मी थांबतो," बंटीशेठ म्हणाले. "दुकान बंद करून आलोय."

निलेश एकदा शेठकडे, एकदा मशीनकडे आणि मग बापाकडे बघत राहिला. नंतर त्याने मोबाइल खिशात टाकला, बाहेर गेला आणि आरामखुर्ची स्वतः उचलून आत घेऊन आला. जुन्या कोपऱ्यात, जुन्या जागी ठेवली. मशीन तिच्या उशाशी सरकवलं. काका उठले, खुर्चीत बसले, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.

तीन वाजून गेले होते. मिस्त्री टेप उघडीच धरून उभा होता. निलेशने त्याला हातानेच थांबायची खूण केली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"वैशाली, शटर अर्धं खाली घे गं. ऊन येतंय त्यांच्या डोळ्यावर."